उपाशी शून्य

११ एप्रिल
ठरलं. दिल्लीच्या परिषदेत ‘भूक हटली’ हा पेपर मीच वाचणार. तालुक्यातल्या भुकेचा सर्व्हे माझ्याकडे आहे. ऑफिसातले जळून राहिले. जळोत.

१३ एप्रिल, संध्याकाळ
पारशिवनीजवळच्या गावात सर्व्हे उरकला. काल इथे हनुमान जयंतीचा भंडारा होता, म्हणून तारीख मीच आजची धरली. आदल्या दिवशी येऊन मीही जेवलो. भंडाऱ्याची आलू-वांग्याची भाजी मला सोडवत नाही.
प्रश्न एकच, काल काय जेवले? घरोघरी तेच उत्तर, पुरी, भाजी, भात, बुंदी. वा! माझी असिस्टंट प्रणाली कुरकुरली, की काल भंडारा होता ना सर. म्हटलं, फॉर्ममध्ये भंडाऱ्याचा कॉलम नाही.
रंभाबाई नावाची एक म्हातारी भलतीच तोंडाळ. म्हणते, “कालचं काहून इचारता साहेब? आजचं इचारा ना.” आजचा प्रश्नच नाही. या लोकांना शिस्त म्हणून नाही.

१५ एप्रिल
निकाल: उपाशी शून्य. गावात एक संस्था म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण देते. ते बंद करा, अशी शिफारस ठोकली. भूकच नाही तर खिचडी कशाला? प्रणाली सही करेना. नागपूरला मिहानमधल्या एखाद्या कंपनीत नोकरी शोध म्हणालो. फार शहाणी.

१९ एप्रिल
जेवण बंद झालं. माझ्या रिपोर्टचा केवढा इम्पॅक्ट! नवीन सूट शिवायला टाकला.

२५ एप्रिल
परिषद भरवणाऱ्या दिल्लीच्या चारुशीला मॅडम गाव पाहायला आल्या. नेमक्या रंभाबाईच्याच दारात थांबल्या. काल काय जेवलात, विचारलं. म्हातारी म्हणे, “काल पाणी पेली. भंडारा का रोज असते?” मी सांगितलं, वयोमानाने स्मरणशक्ती जाते. मॅडमनी माझ्याशी बोलणंच टाकलं. जाताना प्रणालीला जवळ घेऊन काहीतरी कुजबुजल्या. बायका बायका एक होतात, दुसरं काय.

२९ एप्रिल
पेपर प्रणाली वाचणार. मला त्याच गावात राहून पूर्ण सर्व्हे नव्याने करायचा आहे. तो झाल्याशिवाय खिचडी सुरू होणार नाही म्हणे. ही शिक्षा नाही. अनुभवी माणूसच पाठवतात अशा कामाला.

२ मे, दुपार
गावात खानावळ नाही. बायको रुसली आहे, निघताना डबा दिला नाही. बिस्किटं कालच संपली. ऊन मरणाचं, म्हणून रंभाबाईच्या ओसरीत टेकलो. तिने विचारलं, जेवले का साहेब. म्हटलं, हो, आत्ताच, पोटभर. तोंडातून निघूनच गेलं. साहेबाने उपाशी आहे कसं म्हणायचं?
ती जवळ सरकली. हळूच म्हणाली, “काही उरलं असन तं द्या ना.”
सगळं संपवलं म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिच्या वाटचं मीच खाल्लं.