फांग साहेबांच्या गाडीतला चिखल

ती. पीश्याताईस,

मेईखंगहून चिनलुआनचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? भूमिदेवाच्या देवळात तुम्हा दोघांच्या नावाने उदबत्ती लावली, संत्री ठेवली. (संत्री मग मीच खाल्ली. देवाला वास पुरतो.) माझी प्रकृती ठणठणीत आहे, रक्तदाब तेवढा डॉक्टरांना आवडत नाही. म्हणतात, "आजी, जरा सौम्य व्हा." ताई, या एका शब्दाने माझं वर्ष नासवलंय. तुझ्या बहिणीला या वयात कोर्टाची पायरी चढावी लागली हे तुझ्या सुनेने तिखटमीठ लावून सांगितलंच असेल, म्हणून खरं काय ते माझ्याकडून ऐक. फोन करत नाही, कारण फोनवर तू मधेमधे बोलतेस.

गेल्या वर्षीच्या वादळात आमचा ओढा फुगला आणि खालच्या आळीत शिरला. सरपंच येनच्या दिवाणखान्यात गुडघाभर चिखल, आणि त्याचं नवं गाण्याचं यंत्र, तो मोठा कर्णा आणि माईकवालं, ते बुडालं. (तो गातो ते तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, ओढ्याला अक्कल आहे.) झालं. सरपंचाच्या घरात पाणी शिरलं म्हणजे गावावर संकट आलं. जिल्ह्याहून फांग साहेब आले, पांढऱ्या बुटांत. देवळापुढे सभा भरली, जेवणाचे डबे वाटले आणि साहेब म्हणाले, आता इथे आपत्तीचं सौम्यीकरण होणार.

मी विचारलं, "म्हणजे वादळ हळू येणार का?"

"नाही मावशी, वादळ यायचं तसंच येईल. त्याने होणारं नुकसान कमी होईल."

"कुणाचं?"

सगळे हसले आणि साहेबांनी मला आणखी एक डबा दिला. (डुकराचं मटण वातड होतं.)

मग यंत्रं आली आणि त्यांनी ओढ्याची न्हाणी करून टाकली. तळाला काँक्रीट, दोन्ही बाजूंना काँक्रीट. माझ्या घराजवळच्या वळणावर ह्यांनी आयुष्यभर एकेक करून बसवलेले दगड होते. तुला आठवतं ना, पाऊस उघडला की हे तिथे कंबरभर पाण्यात उभे, आणि मी काठावरून ओरडतेय. ह्यांचं म्हणणं, पाण्याला बसायला जागा दिली की ते भांडत नाही. ते दगड ट्रकमध्ये भरून नेले. मी पुन्हा पुन्हा तक्रारीचे अर्ज दिले, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ओढ्यातले बेडूक, खेकडे, हिरवे मासे, सगळ्यांचा नायनाट. तर त्यावरही साहेबांकडे औषध होतं. निसर्गावरच्या परिणामाचंही सौम्यीकरण करतात म्हणे! देवळाच्या गाड्या लावायच्या जागेशेजारी भर उन्हात प्लास्टिक अंथरून एक तळं केलं, त्यात वाचलेले बेडूक बादल्यांनी नेऊन ओतले, वर हसऱ्या बेडकाची पाटी लावली. इथलं मोडलं ते तिथे भरून दिलं, हा त्यांचा न्याय. म्हणजे पाय माझा मोडला आणि प्लास्टर शेजारणीला! बेडकांनाही ते पटलं नाही. दोन दिवसांत सगळे माझ्या मोरीत.

आणि मग पाऊस आला. ताई, पूर्वी आमचं पाणी म्हाताऱ्या माणसासारखं थांबत थांबत उतरायचं. आता ते घसरगुंडीवरून आलं, वळणावर त्याला वळताच येईना, आणि भिंतीवरून उडी मारून सरळ माझ्या स्वयंपाकघरात. चुलीच्या वरपर्यंत चिखल. मुरवलेल्या आलुबुखारांच्या बरण्या फुटल्या. त्यांत एक ह्यांच्या हातची होती, गेले त्या वर्षी त्यांनी भरलेली. मी ती उघडलीच नव्हती. उघडली की संपेल म्हणून. तिचं नुसतं झाकण सापडलं. खालची आळी कोरडी ठाक होती आणि त्या संध्याकाळी सरपंच येन नव्या यंत्रावर गात होता.

ऊन पडल्यावर फांग साहेब पाहणीला आले. माझ्या दारात उभं राहून म्हणाले, "मावशी, वाईट वाटतं. पण गावाचं एकूण नुकसान मागच्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. योजना यशस्वी झाली."

"आणि हे काय आहे?"

"ही उरलेली जोखीम. थोडी उरतेच. तुम्ही इथून मुक्काम हलवलात की तीसुद्धा शून्य होईल."

मी उरलेली! शिळ्या भातासारखी! ह्यांना मी याच घरातून पोचवलं, आणि हा पांढऱ्या बुटांचा माणूस मला शून्य करायला निघालाय. मी काही बोलले नाही. (माझं गप्प बसणं तुला माहीत आहे.) आत गेले, घमेलं भरलं. साहेबांची गाडी बाहेर उभी होती, काच खाली. साहेब वळणाचे फोटो काढताहेत तोवर मी घमेल्यावर घमेली मागच्या सीटवर रिकामी केली. ते बोंबलत धावत आले तेव्हा म्हटलं, "साहेब, माझ्या घरातलं नुकसान कमी केलं. जे उरलंय ते तुमच्या गाडीत आहे."

त्याचा खटला. सरकारने मला फुकटचा वकील दिला, तांग नावाचा, मुलगा गुणी. म्हणाला, "मावशी, गुन्हा तर उघड आहे, पण शिक्षा सौम्य होऊ शकते."

पुन्हा तोच शब्द! मी विचारलं, "त्यासाठी काय करायचं?"

"सांगायचं, मी म्हातारी, विधवा, फार शिकलेली नाही, दुःखाने डोकं ठिकाणावर नव्हतं, आता पश्चात्ताप होतोय."

बघ, ताई! शिक्षा कमी करायची तर आधी मलाच कमी करायचं! मी त्याला बजावलं, "डोकं चांगलं ठिकाणावर होतं. ओतायच्या आधी सीटवर कुणाचा डबा नाही ना, तेसुद्धा मी पाहिलं होतं."

न्यायाधीश एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "पश्चात्ताप होतो का?" तांगने टेबलाखालून पाय दाबला.

"होतो," मी म्हटलं. "पुढची सीट राहिली याचा."

लोक हसले, बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हा चिखल कुठला?" ताई, इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. गाडीचं काय झालं ते सगळे विचारत होते. मग मी दगडांपासून सगळं सांगितलं. झाकणाचंही सांगितलं, तेव्हा माझा आवाज बसला, हे कुणाला सांगू नकोस. फांग साहेब उठून म्हणाले, "इथे प्रश्न गाडीचा आहे, ओढ्याचा नाही." बाई म्हणाल्या, "शिक्षा किती द्यायची हे ठरवताना आरोपीला राग का आला ते मला पाहावंच लागतं. बसा."

निकाल लागला. दंड, तोही अगदी किरकोळ. मी ताडकन उठले, "मला सूट नको! पुरी शिक्षा द्या!" तांगने बाही धरून खाली बसवलं आणि कानाशी म्हणाला, "मावशी, ओरडू नका, कारणं ऐका. वळणावरचे दगड काढल्यामुळे पाणी तुमच्या घरात शिरलं, तुम्ही वारंवार तक्रार केलीत आणि कुणी दाद दिली नाही, असं लिहिलंय. शिक्षा कमी करायला त्यांना हे लिहावंच लागलं."

मी गप्प बसले. खरोखरची.

आता त्याच निकालाच्या जोरावर वळणावरचं काँक्रीट फोडून तिथे दगड बसवायचं ठरलंय. पावसाळा सरल्यावर काम सुरू होईल. कसे बसवायचे ते मी काठावरून ओरडून सांगणार आहे. फांग साहेब हल्ली माझ्या घरावरून जाताना काचा वर करतात.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच, एक रतीभरही सौम्य न झालेली,
चिनलुआन

ता. क. इथून हलणार नाही असं मी साऱ्या गावाला ऐकवलंय आणि ते खरंच आहे. पण परवापासून पाऊस लागलाय. ओढ्याचा आवाज मला आवडत नाही. मी पायात बूट घालून झोपते. तुमची मागची खोली रिकामी आहे का? वळणाचं काम होईपर्यंतच. गावात सांगेन, ताईला करमत नाही, फार आग्रह करतेय. कुणी विचारलं तर तूही तसंच सांग.

ता. क. दुसरा. त्या खोलीच्या खिडकीतून पाणी दिसत नाही ना?