मोखाड्याचं पाणी कितीला उकळतं

जव्हार,
१८ एप्रिल २०२३

चि. मंजुषास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या सहीचं पत्र काल दुपारी कॉलेजात आलं. अकरावी-बारावीच्या विज्ञान शिक्षकांचं उन्हाळी प्रशिक्षण, ८ ते १२ मे, मोखाडा, आणि खाली समन्वयक म्हणून तुझं नाव. पेढे वाटावेत अशी बातमी. मी वाटलेही, अर्धा किलो. मग दुसरं पान उलटलं.

दुसऱ्या पानावर सातव्या ओळीत मी आहे. 'श्री. देवजी, साहित्य सहायक.' मंजू, अकरा उन्हाळे मी या प्रशिक्षणात प्रयोगांचे तास घेतले. थर्मामीटरचा फुगा भांड्याच्या बुडाला टेकवायचा नसतो, हे एम.एस्सी. झालेल्या माणसांना मी शिकवलं, कारण त्यांना ते कुणी हातात धरून दाखवलं नव्हतं. मला तर काहीच कुणी दाखवलं नाही. प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागलो, काचा धुतल्या आणि कपाटातली पुस्तकं एकेक करून संपवली. आता बाराव्या उन्हाळ्यात मी ट्रे फिरवायचा आणि शिकवणार वसईचे धर्मेंद्र सर. त्यांच्या नावापुढे कंसात डॉक्टरेट लिहिली आहे. माझ्यापुढे कंस नाही.

शिवाय यादीत 'थर्मामीटर २०' आहे. माझ्याकडे अठरा आहेत. एकोणीस आणि वीस नंबरचे २०१९ साली फुटले, त्याची नोंद आहे. समन्वयकाने सही करण्याआधी विचारायला हवं होतं.

थर्मामीटर पाठवीन, ते कॉलेजचे आहेत. मी येणार नाही. मे महिन्यात मी माझा असतो.

फोन करत नाही, कारण फोनवर तू आवाज तुटतोय म्हणून सुटतेस. सुकी पंचायत समितीतल्या नोकरीसाठी रोज तुमच्या मोखाड्याहून इथे येते, तिच्या हाती हे देतोय. म्हणजे मिळालं नाही असंही म्हणता येणार नाही.

लोभ आहेच. तो कमी करायचा विचार चालू आहे.

तुझा,
दादा


मोखाडा,
२१ एप्रिल २०२३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुकीने पत्र माझ्या हातात दिलं, टेबलावर ठेवलं नाही, कारण तू तिला तसं तीनदा बजावलं होतंस म्हणे. तेव्हाच समजलं की आत ऊन कडक आहे.

आधी भांडण उरकते. यंदाच्या परिपत्रकात मार्गदर्शक पदव्युत्तरच हवा असं आहे. मी पालघरला दोनदा जाऊन आले. साहेबांनी विचारलं की बंधूंचं शिक्षण काय, मी म्हटलं बारावी अपूर्ण. त्यावर ते हसून म्हणाले की मग ताई, आता तुम्हीच सांगा. आमच्या शिक्षणासाठी तू बारावी अर्धी टाकून कामाला लागलास हे मला ठाऊक आहे. गावी साखरशेतात घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आईने ते ऐकवलंय. पण पालघरच्या कार्यालयात आई कुठे भेटणार?

तुझं नाव मार्गदर्शकांत घातलं असतं तर मंजुरीच गेली असती आणि अजून प्रशिक्षण न झालेल्या बेचाळीस शिक्षकांना पाच दिवस पालघरला राहावं लागलं असतं. सूर्यमाळची सुनिता आठवते ना, गेल्या वर्षी कडेवर लेकरू घेऊन आली आणि ते तापलं म्हणून तुझ्या तासाआधीच परतली ती? ती पालघरला कशी जाणार? सहायक लिहून मी तुला निदान हॉलात ठेवलं. तू मात्र हॉलच सोडून निघालास.

थर्मामीटरच्या आकड्याची चूक कबूल. पण चुकीवर इतकं बोट ठेवणाऱ्या माणसाने एकदा अकरा चांगले थर्मामीटर भंगारात काढले होते, हे मी विसरलेले नाही.

आईचा खोकला उतरलाय. आमच्याकडे नळाला तीन दिवसांआड पाणी आहे. ये रे दादा. गप्प बस, पण ये.

राग निवला की कळव, तोवर माया होती तिथेच आहे.

तुझी,
मंजू


जव्हार,
२५ एप्रिल २०२३

चि. मंजुषास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

भंगाराची आठवण काढलीस, आता ती पुरती काढ. १९९६ सालची गोष्ट. नव्या पेटीतले अकराही थर्मामीटर उकळत्या पाण्यात शंभराला जाईनात. साडेअठ्ठ्याण्णवला जाऊन अडत. मी सगळे बाद ठरवले, यादी केली, प्राचार्यांची सही घेतली. बदली पेटी आली, तीही साडेअठ्ठ्याण्णवलाच अडली. तेव्हा डोक्यात आलं की इतके जण ठरवून खोटं बोलणार नाहीत. दोन महिने पुस्तकं उलटली तेव्हा कळलं की आपण समुद्रापासून उंचावर राहतो, इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभराच्या आधीच उकळतं. थर्मामीटर खरे होते, खोटी होती माझी यादी. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, दिसतं ते लिहायचं.

तू तेव्हा अकरावीत होतीस. तुला मी हे स्टोव्हवर करून दाखवलं होतं.

प्रशिक्षण पुस्तिकेच्या पान ३१ वर उत्कलनबिंदूचं नमुना वाचन १०० छापलंय. आपली मुलं प्रात्यक्षिकाच्या वहीत डोळे मिटून शंभर लिहितात, कारण साडेअठ्ठ्याण्णव लिहिणाऱ्याचे गुण कापले जातात. खरं बघितल्याचा दंड. दर वर्षी पहिल्याच तासाला मी सगळ्यांना पान ३१ उघडायला लावून तो आकडा खोडायला लावायचो. मी तिथे नसलो तरी ते पान खोडलं गेलं पाहिजे. यंदा ते काम तुझं. बाकी मला सहायक म्हणा नाहीतर हमाल म्हणा.

अठरा थर्मामीटर कापसात गुंडाळून सुकीबरोबर पाठवले आहेत. तुझ्या वहिनीच्या नेलपॉलिशने नंबर घातलेत, ते खरवडू नयेत.

पान ३१ आठवणीत असू दे, मग माझी आठवण नाही काढलीस तरी चालेल.

दादा


मोखाडा,
९ मे २०२३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज प्रशिक्षणाचा दुसरा दिवस. तू दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी मीच सांगते.

दुपारी पाणी तापवायचा प्रयोग झाला. अठराही थर्मामीटर साडेअठ्ठ्याण्णवला थांबले. धर्मेंद्र सर माणूस वाईट नाही, शिकवतातही छान, पण त्यांनी पान ३१ बघितलं, थर्मामीटर बघितले आणि साहित्य सदोष आहे म्हणाले. मागच्या बाकावरून कुणीतरी उंचीचं कारण पुटपुटलं. त्यावर ते म्हणाले की उंचीचा परिणाम बघायला हिमालयात जावं लागतं, मोखाड्यात तो काय दिसणार. मग सुनिता उठली. म्हणाली की डहाणूला माहेरी भात पटकन शिजतो, सूर्यमाळला चुलीवर वेळ घेतो, तर हे त्यामुळेच नसेल ना. सगळे हसले. ती खाली बसली.

दादा, मीही हसले. थोडंसं.

मला सगळं माहीत होतं. पान ३१ वर मी पेन्सिलने खूणही करून ठेवली होती. पण अहवाल पालघरला त्यांच्या हातून जाणार, माझं पहिलंच वर्ष, असं मनात आलं आणि तोंड उघडलं नाही. बेचाळीस जणांनी वहीत शंभर लिहिलं. मग सदोष साहित्याची यादी झाली, अठरा नग, आणि समन्वयक म्हणून मी तिच्यावर सही केली. तू १९९६ साली केलीस तशीच यादी. फरक एवढाच की तुला तेव्हा माहीत नव्हतं.

नमुन्यादाखल तीन नग मालकाकडे परत पाठवायला सांगितलंय. ४, ९ आणि १७ सुकीबरोबर येत आहेत.

काय मागू तुझ्याकडे, ते कळत नाही. रागाव, पण लिही.

मंजू


मोखाडा एस. टी. स्टँड,
११ मे २०२३, दुपारी ४.४०

चि. मंजुषास,
अनेक आशीर्वादांपैकी आज एकच. वि. वि.

हॉल इथून तीन मिनिटांवर आहे. मी येणार नाही. हॉल तुझा, नियम तुमचे. मी बाकावर बसून लिहितोय, आणि सुकी सहाच्या गाडीने उतरली की तिच्या हाती देऊन जव्हारला जाईन.

काल तुझं पत्र आणि तिन्ही 'सदोष' थर्मामीटर हातात आले, तसा मिळेल त्या गाडीने डहाणूला गेलो. समुद्राला लागून हौशी नावाच्या बाईची चहाची टपरी आहे. चहा पावडर टाकायच्या आधी पाण्यात थर्मामीटर धरू द्या म्हटलं, तर तिला वाटलं मी भेसळ पकडायला आलोय. तिने आधी दूधवाल्याचं नाव सांगितलं, मग स्वतःचं. दोन चहा प्यायल्याशिवाय पाण्याला हात लावू देईना. प्यायलो. पाणी खळखळून उकळल्यावर पाच मिनिटं थांबून वाचलं. ४, ९ आणि १७, तिन्ही शंभराच्या रेघेला टेकले. हौशीने स्वतः वाकून बघितलं आणि कागदावर सही केली.

रात्री जव्हारला घरी तेच थर्मामीटर, तेच पातेलं. साडेअठ्ठ्याण्णव. साक्षीदार तुझी वहिनी.

आज सकाळी सूर्यमाळला गेलो. जाताना मोखाड्याला गाडी दहा मिनिटं थांबली होती, उतरलो नाही. वरच्या पाड्यावर चैती म्हणून म्हातारी आहे. तिने डोक्यावरून आणलेल्या हंड्यातलं तांब्याभर पाणी दिलं, पण उधार. उकळून, वाचून, निववून परत तिच्याच हंड्यात ओतलं. ओतताना ती बघत होती. वाफ होऊन गेलं त्याचं काय, हे तिने विचारलंच. सूर्यमाळला अठ्ठ्याण्णव. तिचा अंगठा घेतलाय.

कागद सोबत जोडलाय. तीन ठिकाणं, तीन थर्मामीटर, नऊ वाचनं, साक्षीदार. तिन्ही थर्मामीटरही पाकिटात आहेत. आता हिमालयात जायची गरज नाही.

उद्या शेवटचा दिवस. उद्या संध्याकाळी बेचाळीस जण आपापल्या गावी जातील आणि जूनपासून खरं लिहिणाऱ्या पोरांचे गुण कापतील. कागद वाच, नाहीतर चुलीत घाल. मी तुझ्या जागी उभा राहून वाचणार नाही. तुला स्टोव्हवर दाखवलं तेव्हाच माझं शिकवणं झालं होतं.

लोभाचं उद्यानंतर बघू.

दादा


मोखाडा,
२० मे २०२३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वाचला. पहिल्याच तासाला, सरांची परवानगी न घेता. आवाज कापत होता, पण कागदात आकडेच होते, ते कापत नाहीत.

मग सुनिताला पुढे बोलावलं. त्या दिवशी मी तिच्यावर हसले, ते कळत असून हसले, असं सगळ्यांसमोर सांगितलं. ती म्हणाली की मॅडम, असू द्या, पण मी तीन वर्षं पोरांचे गुण कापलेत त्याचं काय करू.

धर्मेंद्र सरांनी नऊ नंबरचा थर्मामीटर हातात घेतला, हौशीची सही आणि चैतीचा अंगठा बराच वेळ बघितला. म्हणाले की वसईला आमच्याकडे नेहमी शंभरच येतं, त्यामुळे शंका घ्यायची वेळच आली नाही. पहिलं पान ३१ त्यांनी खोडलं. मग बेचाळीस जणांनी. यादीवरची माझी सही मी तारीख घालून रद्द केली आणि खाली लिहिलं, 'साहित्य निर्दोष.'

आणि अहवालात, उत्कलनबिंदूच्या तासापुढे, तज्ज्ञ मार्गदर्शकाच्या रकान्यात लिहिलं: श्री. देवजी (बारावी अपूर्ण). तुला कंस हवा होता ना?

काल पालघरहून पत्र आलं. अपात्र व्यक्तीचं नाव मार्गदर्शक म्हणून का दाखवलं, याचा सात दिवसांत खुलासा मागितलाय. पुढच्या वर्षी समन्वयक मी नसेन, हे दिसतंच आहे. दादा, मला भीती वाटत नाही. वाटेल असं वाटलं होतं. खुलाशाचा मसुदा सोबत आहे. त्यात तुझ्या अकरा उन्हाळ्यांबद्दल लिहिलंय, आणि भावंडांसाठी तू शिक्षण अर्धं सोडलंस तेही. पाठवण्याआधी तुझ्या नजरेखालून जाऊ दे.

माया पूर्वीइतकी झाली असेल तर सुकीजवळ तसं सांग.

तुझी,
मंजू


जव्हार,
२२ मे २०२३

चि. मंजुषास,
अनेक आशीर्वाद, या खेपेला सगळे. वि. वि.

मसुदा दोनदा वाचला. भाषा ठीक आहे. 'अकरा उन्हाळे' बरोबर. 'अठरा थर्मामीटर' बरोबर. हौशीच्या टपरीचं ठिकाण समुद्राच्या बाजूला असं स्पष्ट घाल, नाहीतर उंचीवरून वाद घालतील. माफी कुठेही मागितली नाहीस, तशीच राहू दे. समन्वयकपद गेलं तर जाऊ दे. सुनिताला सांग, जुन्या वह्या काढून कापलेले गुण परत दे. पोरं पुढच्या वर्गात गेली असली तरी दे.

एक चूक मात्र राहिली आहे, आणि ती तुझी नाही.

मी बारावी अर्धी सोडली नाही. परीक्षा दिली आणि नापास झालो. निकालाच्या दिवशी आईने शेजारी सांगितलं की पोरगा भावंडांसाठी शिक्षण सोडतोय, आणि मी उंबऱ्यात उभा राहून ऐकून घेतलं. ऐकायला बरं वाटलं. पुढे तूही तेच ऐकत मोठी झालीस आणि मी अडवलं नाही. तेहेतीस वर्षं. बेचाळीस शिक्षकांनी शंभर लिहिलं म्हणून मी डहाणूपासून सूर्यमाळपर्यंत धावलो, आणि माझ्या स्वतःच्या वहीत काय लिहिलं होतं ते बघ. सूर्यमाळहून उतरताना गाडीत हेच डोक्यात होतं. त्या दिवशी स्टँडवर लिहायची हिंमत झाली नाही.

भावंडांचं वाक्य काढून टाक. कंसातलं 'अपूर्ण' खोड. बारावी नापास, मार्च १९९०, भौतिकशास्त्र, तेवीस गुण. गुणपत्रिकेची प्रत जोडली आहे, आजवर कुणाला दाखवली नव्हती. आईला मी रविवारी साखरशेतात जाऊन सांगेन, तू सांगू नकोस.

एवढी दुरुस्ती करून खुलासा मुदतीत पाठव. 'मार्गदर्शक' हा शब्द मात्र खोडायचा नाही.

लोभ तसाच आहे, शंभराला दीड अंश कमी.

तुझा,
दादा