पुडी दिल्यानंतरचे दोन तास

आई, आज शिवरात्र आहे आणि तुझ्या पणतीला मी सकाळीच गव्हाची पोळी खाऊ घातली. तूप-गूळ लावून, तुझ्याच ओट्यावर भाजलेली. बाहेर गल्लीतून महाकालाकडे माणसांची रीघ लागली आहे, भोंगे वाजतायत, सगळं उज्जैन उपाशी आहे आणि हिच्या पोटात पोळी. त्यावर आठ वाजता दह्यात कालवून शेंगदाण्याच्या पिठाची पुडी दिली. पुडी रिकाम्या पोटी द्यायची नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, म्हणून आधी पोळी. हे वाचून तुझा जळफळाट होत असेल तर होऊ दे, त्यासाठीच लिहिलं. पुडी दिली की दोन तास तिच्याकडे बघत बसायचं असतं. पळू द्यायचं नाही, ओठ बघायचे, श्वास ऐकायचा, काही झालं तर टोचायची सुई हाताशी ठेवायची. ती समोर चटईवर मोराला रंग भरतेय आणि मी तिच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितेय. माझं अक्षर वाकडं आहे. चौथीतून काढलंस तेव्हा जसं होतं तसंच राहिलंय.

तीही शिवरात्रच होती. मी नऊ वर्षांची. धर्मशाळेची उपासाच्या फराळाची मोठी ऑर्डर होती, पहाटेपासून तू दाणे भाजत होतीस आणि सगळ्या घरात तो खरपूस वास कोंडला होता. लोकांच्या तोंडाला त्या वासाने पाणी सुटायचं, माझ्या डोळ्यांना सुटायचं. खिचडी खाल्ली की जीभ चरचरते, घशात काहीतरी अडकतं, हे मी तुला आधीही सांगितलेलं. तू म्हणायचीस, नखरे. त्या दिवशी मी नुसतं दूध मागितलं तर तुला राग आला. हातात उलथणं तसंच धरून तू म्हणालीस, "उपासाचं कुणाला बाधत नाही. सरकारवाड्याच्या मुदपाकखान्यात रांधलंय आपल्या घराण्यानं. आपल्या हातचं खाऊन कुणी आजारी पडलेलं ऐकलंयस?" आणि माझी हनुवटी दोन बोटांत धरून तू घास कोंबलास. एक नाही, चार. मी मोजले होते.

मग अंगावर गांधी उठल्या, ओठ वांग्यासारखे झाले, श्वास शिट्टी मारायला लागला. तू काय केलंस? मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्यास. ज्या पोरीला श्वास घेता येत नाही तिच्या खोलीत मिरच्यांचा धूर. तूच सांगायचीस ना, नजर लागलेली असली की मिरच्या जळूनही ठसका येत नाही? त्या दिवशी आला. तुला आला, मला आला, रस्त्यावरच्या माणसाला आला. म्हणजे तुझ्याच शास्त्राप्रमाणे नजर नव्हती. तरी तू नजरच म्हणत राहिलीस. समोरच्या काकी धूर बघून धावत आल्या, "भाभीजी, छोरी नीली पड़ रही है," म्हणाल्या आणि मला कडेवर उचलून दवाखान्यात पळाल्या. तिथल्या कंपाउंडरने सुई दिली म्हणून मी आज हे लिहितेय. त्याने बाहेर येऊन तुला सांगितलं, बाई, इसको दाना मत देना, दुबारा हुआ तो बचेगी नहीं. तू मान हलवलीस. घरी आल्यावर दार लावून घेतलंस आणि मला म्हणालीस, "हे कुणाला सांगायचं नाही."

इथवरचं मी तुला माफ केलं असतं. तुला ठाऊक नव्हतं, तुझ्या आईलाही ठाऊक नसणार. पण त्यानंतर तुला ठाऊक होतं. शाळेतल्या बाई विचारायला घरी आल्या, पोरीला काय झालं, तर दुसऱ्याच आठवड्यात तू माझं नाव काढून आणलंस. जिच्या घरची खिचडी खाऊन घरचीच पोरगी सुजते, तिच्याकडे उपासाचं कोण मागवणार, एवढंच तुला पडलं होतं. मला खायला घालणं तू बंद केलंस, खरं आहे. पण कुटायला बसवलंस. नाकाला जुनं फडकं बांधून मी खलबत्त्यात दाणे कुटायचे, शिंका, खोकला, डोळे लाल. दम लागला की परसात जाऊन बसायचं, गिऱ्हाईक गेल्यावर आत यायचं. माझ्या वयाच्या पोरी दप्तरं घेऊन दारावरून जायच्या आणि मी परसात धापा टाकत त्यांचे आवाज ऐकायची. गिऱ्हाइकांना तू सांगायचीस, हिचं डोकं अभ्यासात चालत नाही. आई, माझं डोकं चालत होतं. मला बावीसपर्यंत पाढे येत होते.

तू गेलीस तेव्हा तेराव्याला घर भरलं होतं. धर्मशाळेचे लोक, घाटावरचे गुरुजी, सगळे तुझ्या हाताच्या चवीचं कौतुक करत होते. मी पंगतीत वाढता वाढता उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की त्याच हातची खिचडी खाऊन मी मरायला टेकले होते आणि तिने धंदा जाईल म्हणून मला घरात लपवलं. मामा म्हणाला, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. मी म्हटलं, गेल्यावरच बोलता येतं. आठ दिवसांत तुझा धंदा बंद केला, खलबत्ता भंगारवाल्याला दिला. पोळ्या लाटून देते आता मेसला, गव्हाच्या. तुझ्या श्राद्धाच्या पानात आजवर मी दाण्याची चटणी ठेवलेली नाही. तुला आवडायची, मला माहीत आहे.

मग लेकीला ही झाली. माझी लेक फ्रीगंजात चष्म्याच्या दुकानात जाते, तेव्हा दिवसभर पोर माझ्याकडे असते. तीन वर्षांची असताना कुणाच्या तरी वाढदिवसाला तिने चिक्कीचा तुकडा तोंडात घातला आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचे ओठ वांग्यासारखे झाले. मी ओळखलं. सुई मिळेपर्यंत रिक्षात मी तुलाच शिव्या घालत होते, रिक्षावाल्याला वाटलं त्याला घालतेय. पुढे इंदूरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तिच्या हाताला टोचून तपासणी केली, मग माझ्याही. माझा फोड तिच्यापेक्षा मोठा उठला. चाळीस वर्षं झाली तरी माझं अंग विसरलेलं नाही, बघ. बाई समजावायला लागल्या की अंगात एक चौकीदार असतो, तो चुकून दाण्यालाच चोर समजतो. मी म्हटलं, आमच्या घरचा चौकीदार शहाणा होता, मालकीणच ऐकत नव्हती. त्या हसल्या. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की तू गुन्हेगार आहेस. त्या म्हणाल्या, तेव्हा डॉक्टरांनासुद्धा यातलं फार कळत नव्हतं. मध्यंतरी म्हणे लहान मुलांना दाणे देऊच नका सांगायचे, आता संशोधन होऊन उलटं निघालं, तान्ह्यांना बारीक करून वेळेवर द्या म्हणतात. आणि हिच्यासारख्यांना मोहरीएवढ्यापासून सुरू करून, दवाखान्यात समोर बसवून, महिन्या-महिन्यांनी वाढवत न्यायचं, मधल्या दिवसांत तेवढीच पुडी रोज घरी द्यायची. चौकीदाराला शांत करणारं इंजेक्शनही निघालंय, कातडीवर लावायच्या पट्ट्यांचे प्रयोग चाललेत. पूर्ण बरं होईल असं कुणीच सांगत नाही. चुकून एखादा दाणा पोटात गेला तर जीव जाऊ नये, इतकंच मिळवायचं.

हे ऐकून मामी काय म्हणाली असेल? म्हणाली, म्हणजे खाऊ घालूनच बरं होतं ना, तुझी आई बरोबरच होती. त्या दिवसापासून मी तिच्याकडे जात नाही. आणि मी लेकीला साफ नाही म्हणून सांगितलं. या घराच्या उंबऱ्याच्या आत इतक्या वर्षांत दाणा आला नाही, आता माझ्याच हाताने तो पोरीच्या तोंडात घालू? तीन महिने आमची धुसफूस चालली. मी म्हणायचे, लांब ठेवू, सांभाळू. लेक म्हणायची, शाळेत जाईल तेव्हा कोण सांभाळणार, दुसऱ्याच्या डब्यातला एक कण पुरे आहे. मग मी म्हटलं शाळेत नको घालूस इतक्यात. हे तोंडातून गेलं आणि लेक सावकाश म्हणाली, "आई, तुझा राग तुझ्या आईवर आहे. माझ्या पोरीला त्यात घरी बसवू नकोस." मी पोळपाट आपटला. दुसऱ्या दिवशी इंदूरच्या बसमध्ये बसले.

पहिली पुडी दवाखान्यात दिली तेव्हा पोरीने तोंड घट्ट मिटून घेतलं. माझा हात आपोआप तिच्या हनुवटीकडे गेला, दोन बोटं लागलीसुद्धा. मी हात मागे घेतला. बाईंना म्हटलं, ती उघडेल तेव्हा देऊ. पाऊण तास बसलो. मग तिनेच विचारलं, आजी, कडू आहे का. मी म्हटलं मला माहीत नाही, मला चालत नाही, तूच खाऊन सांग. तिने खाल्लं आणि म्हणाली, काहीच लागत नाही. आता चार महिने झाले. मधे दोनदा ओठांभोवती लाल झालं, एकदा ताप होता म्हणून पुडी थांबवली. पण जूनमध्ये शाळा सुरू होईल आणि ती जाईल. तुझ्या खिचडीची चव तिला कधी कळणार नाही याची व्यवस्था मी केली आहे. तिला दाणा कळेल तो औषध म्हणून, तुझं नाव त्याला चिकटलेलं नसेल.

दहाला वीस मिनिटं कमी आहेत. मघाशी ती खोकली तेव्हा मी पेन टाकून सुईवर झडप घातली. लाळ श्वासात गेली होती तिच्या, हसत होती. हे पान मी शिप्रेत सोडणार नाही, गुरुजींकडे देणार नाही, तुला शांती बिंती मिळावी अशी माझी इच्छा नाही. वहीतच राहील, अशीच बरीच झालीत. लेकीला वाटतं, आई धीट आहे, एकटी बसून पुडी देते. पुडी दिली की मी दर मिनिटाला घड्याळ बघते, आई, आणि दोन तास कुणाशी बोलावं ते कळत नाही. तुला शिव्या द्यायला बसलं की वेळ जातो. ओठ अजून बरे आहेत. आणखी वीस मिनिटं तू मला लागशील.