हार्टफेल्ट ट्रिब्यूटचं मराठी

२ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहिणार. पुढं माझी बायोग्राफी निघेल तेव्हा मटेरियल पायजे.
भगवानरावांच्या प्रचारात मले घेतलं. काम सीक्रेट. हैदराबादच्या ऑफिसातून गोपाल सर इंग्लिशमध्ये पत्र पाठवतात. आपण त्याचं मराठी करायचं, खाली गावातल्या कोणाची सही घ्यायची, पेपरले पाठवायचं. वाचणाऱ्याले वाटते जनता बोलून राह्यली. तेलंगणातल्या आमच्या मराठी गुडीहत्नूरात इतकं इंग्लिश मलेच येते. काम जमलं तर पूर्ण मंडलाचा, म्हणजे तालुक्याचा, मीडिया इन-चार्ज.
माझं नाव पेपरात कधी येईल विचारलं. योग्य वेळी, म्हणे. पूर्ण नाव पायजे, सांगून ठेवलं: हर्षदीप देवानंद मुनेश्वर.

५ फेब्रुवारी
संकल्प: रोज दहा सह्या.
मारोतीमामा म्हणे, मी लेहलं नाई तं सही कायची करू? द्वारकाबाईनं चहा पाजला अन् विचारलं, तुह्या बापाले माहीत हाय का? अवेअरनेस झिरो.

संध्याकाळी
सह्या मीच केल्या. ते हो म्हणालेच असते, थोडा वेळ लागला असता.

९ फेब्रुवारी
मोठं पत्र आलं, भगवानरावांच्या वाढदिवसाचं. 'हार्टफेल्ट ट्रिब्यूट टू हिज थर्टी इयर्स ऑफ सर्व्हिस.' मराठी शब्द अडला. फोनले विचारलं, लगेच सापडला. 'त्यांच्या तीस वर्षांच्या सेवेला भावपूर्ण श्रद्धांजली.' वाचून अंगावर काटा आला.
अशा पत्राखाली वजनदार नाव पायजे. बाबांचं टाकलं. देवानंद गुरुजी, सरकारी शाळा. सरकारी माणसानं प्रचार करू नये असा काईतरी रूल हाय. पण हे तं पत्र हाय, प्रचार कुठं? बाबा मार्चमध्ये रिटायर होतील. तीस वर्षांत एक मेमो नाई. जाता जाता पेपरात नाव येईल, खुश होतील.

११ फेब्रुवारी, सकाळी
छापलं. वाचकांच्या पत्रांत नाई, त्याहून भारी जागा. पान दोन, भगवानरावांचा फोटो, भोवती जाड काळी चौकट. क्लासी.

दुपारी
भगवानरावांची बहीण बयनाबाई किनवटहून बसनं आली. स्टँडपासूनच रडत. भगवानराव प्रचाराच्या जीपवर उभे होते. त्यायले खाली उतरून तिच्या हाताले हात लावून दाखवा लागला. तरी ती थांबेना, बसभर रडायची तयारी करून आली होती. लोकायनं आणलेले हार वाया जातील म्हणून त्यायच्याच गळ्यात घातले.
गोपाल सरांचा फोन आला. तेलुगूत बोलले. ते शब्द आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हते.

१३ फेब्रुवारी
समोरच्या पार्टीनं कंप्लेंट केली. बाबा सस्पेंड. शिक्षण खात्याच्या साहेबानं विचारलं, सही तुमची नाई तं कोणाची? बाबांनी कोणाचंच नाव घेतलं नाई. पार्टीसाठी इतकी लॉयल्टी मी कुठंच पाह्यली नाई.
आई जेवली नाई. रात्री बाबा एवढंच बोलले, "हर्षा, कोणाच्या तीस वर्षांले श्रद्धांजली वाह्यली तू, समजलं का तुले?"
मी म्हटलं, भगवानरावांच्या. बाबा हसले. म्हणजे मनावर घेतलं नाई.

१६ फेब्रुवारी
गोपाल सरांनी नवीन स्क्रिप्ट पाठवली. म्हणजे मी टीममध्येच हाय. 'आम्ही सही करणारे गावकरी जाहीर करतो की ते पत्र ........ या मुलाने खोटी सही करून लिहिले. आमचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.' नावाची जागा रिकामी. कोणाचं भरायचं ते त्यायनं फोनवर सांगितलं. योग्य वेळ म्हणत होते ती हीच असेल.
मराठी मीच केलं. एकही शब्द फोनले विचारला नाई. माझं बेस्ट काम.
पण सह्या कोण देईल? मागच्या वेळी कोणी दिली नाई. पेन भरून ठेवला, मीच करीन.

१८ फेब्रुवारी
पेन लागला नाई. द्वारकाबाईच्या ओट्यावर लाईन लागली. मारोतीमामानं तं धक्का मारून पुढं नंबर लावला. लेहलं नाई तं सही कायची, हे या वेळी म्हणाला नाई. आईनं केली. पदरानं कागद पुसला अन् केली.
शेवटी बाबा. चष्मा लावून पूर्ण वाचलं. लाल पेननं माझ्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. रिकाम्या जागेत माझं नाव त्यायनंच लिहिलं, मंग खाली सही केली.
घरी येऊन पाह्यलं. हर्षदीप मुनेश्वर. मधलं नाव राह्यलं. टेन्शनमध्ये विसरले असतील.