चिंध्यांचं खातं

प्रिय चिमे,

आधी आले ते तुझे सासरे. सकाळच्या चहाची भांडी अजून ओट्यावरच होती माझी. आले ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, आपल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तोंड वाकडं केलं (घड्याळांचं दुकान बंद करून इतकी वर्षं झाली, पण दुसऱ्याचं घड्याळ दिसलं की अजून त्यांना ते आजारीच वाटतं) आणि बघता बघता घोरायला लागले. मग मागनं तुझ्या सासूबाई. कामासाठी खास शिवून आणलेला ॲप्रन, त्याला खिसा, खिशावर दोऱ्याचं भरलेलं फूल. सुतारकामाला फूल, चिमे! माझ्याशी अर्धं वाक्य बोलल्या, बरी आहे ना हो तब्येत, आणि उत्तर द्यायला मी तोंड उघडेपर्यंत पोचल्यासुद्धा मागे तुझ्या बाबांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये. जसं काही त्यांचं माहेरच ते.

छकुलीचा पाळणा करायला घेतलाय हे तुला बाबांनी सांगितलं असेल. कुठल्या लाकडाचा ते नसेल सांगितलं. तुझा लहानपणचा पलंग मोडला त्यांनी. मी आधी भांडले. मग फळ्या रंध्याखाली गेल्या आणि वरचा तो मळकट थर निघाल्यावर आतून मधासारखा रंग आला ना, तेव्हा भांडण मीच मिटवलं. दात येताना तू ज्या फळीची कड कुरतडायचीस ती आता डोक्याशी आलीय. दातांच्या खुणा तशाच ठेवल्यात. खिळा एकही नाही, सगळे सांधे एकमेकांत बसवलेले. मी म्हटलं, आपलं लग्न टिकवायला पण एवढे कष्ट नाही घेतलेत. तर हसले नाहीत, पेन्सिल कानावर ठेवून म्हणतात, ते सागवान होतं, आपोआप टिकलं. आता याला कौतुक म्हणायचं की काय, तूच सांग.

आता घासायचं काम. लग्न होऊन आले तेव्हा मोठ्या हौसेनं मी पण एकदा पॉलिश पेपर घेऊन बसले होते. कोणाच्या तरी कपाटाचं दार होतं. मी ओटा घासतात तसं गोल गोल घासलं. लाकूड त्याच्या रेषांच्या बाजूनं घासायचं असतं हे मला कोण सांगणार? त्या दारावर असे ओरखडे पडले की मांजरानं राग काढलाय. त्या दिवसापासून माझी बदली झाली ती चिंध्यांवर. जवसाचं तेल चोळून झालं की तेलाच्या चिंध्या गोळा करायच्या आणि मागच्या कुंपणाच्या तारेवर एकेक सुटी करून पसरायच्या, पार कडक होईपर्यंत. ढीग करून टाकायच्या नाहीत. ते तेल वाळताना आतल्या आत तापतं, आणि ढीग असला तर काडी न लावता पेट घेतं. आजवर इतकी कपाटं, इतकी टेबलं या घरातनं गेली, पाटी लागली ती तुझ्या बाबांच्या नावाची. तारेवर मी. असो. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आणि इथे तुझ्या सासूबाई आल्या नि पहिल्याच दिवशी पॉलिश पेपर हातात! मी स्वयंपाकघराच्या खिडकीतनं ऐकत होते, हो, मुद्दाम ऐकत होते. तुझे बाबा म्हणतात, विहीणबाई, हात हलका आहे हो तुमचा, लाकडाला कळतसुद्धा नाही. मला आयुष्यात एकदा म्हणाले होते, तुझ्या हाताला वजन आहे, आणि तेही पोळीच्या पिठाबद्दल नाही, त्या ओरखडलेल्या दाराबद्दल. त्या काय म्हणाव्यात, अहो शिवणकाम शिकवलंय मी जन्मभर, कापडाला दुखवायचं नाही एवढंच. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड. आणि टापटीप तर विचारूच नकोस. पेपर वाचून असा घडी करून ठेवतात की परत विकावा. माझी पुसायची फडकी उचलून त्यांनी चौकोनी घड्या घातल्या. माझी फडकी, चिमे, ओट्यावर अशी शहाण्यासारखी बसलेली मी आजवर पाहिली नव्हती.

मधल्या सुट्टीत फोटो. तू पाठवतेस ते त्यांच्या फोनवर, माझ्या बटणाच्या फोनला कुठलं दिसायला. मग त्या बोटानं फोटो मोठा करून दाखवणार, आणि मी आपल्या नातीचं नाक दुसऱ्याच्या चष्म्याशेजारी उभी राहून बघणार. नाक माझं आहे. त्या म्हणाल्या, त्यांच्या घराण्यातलं आहे. मी म्हटलं, असेल, वाढलं की खाली बसेल. आणि तू कामावर जायला लागलीस की छकुलीला सांभाळायला त्या येऊन राहणार, हेही मला कळलं ते त्यांच्याच तोंडून, पाळण्याच्या कडेवरून बोट फिरवता फिरवता. मी म्हटलं, हो का, वा, छानच. आणि आत जाऊन बटाटे असे चिरले की त्यांना वाटलं असेल, आमचा काय गुन्हा. तुझी बाजू कळते मला. बाबांचं पथ्यपाणी, माझे गुडघे, तुमचे जिने. पण कळणं वेगळं आणि पोटात दुखायचं थांबणं वेगळं.

गुरुवारी तेलाचा पहिला हात दिला. दिला म्हणजे त्यांनी दोघांनी. काय दिसत होता पाळणा! मी दारातनं बघितला आणि डोळे भरले, तरी आत पाऊल टाकलं नाही. बोलावल्याशिवाय जायचं नाही असं ठरवलं होतं, आणि कोणी बोलावत नव्हतं, म्हणजे ठरवणं किती सोपं बघ. जेवणं झाली. मग सगळे पुढच्या खोलीत फोटो बघायला, तुझे सासरे घोरायला. मी भांडी घासताना सहज मागच्या कुंपणाकडे बघितलं. तार रिकामी. एक चिंधी नाही.

म्हटलं, घ्या. हेसुद्धा घेतलं यांनी. हात घ्या, नातीचं नाक घ्या, फोटो घ्या, आता माझ्या चिंध्यापण घेतल्या! कुठेतरी रंगाप्रमाणे लावून चिमटे मारून वाळत घातल्या असतील, आणि तुझे बाबा म्हणाले असतील, काय पसरता हो विहीणबाई! खोट काढायचीच म्हणून मी ओले हात तसेच घेऊन गेले बघायला. शेडचं दार लोटलं आणि वास आला. करपट, खवट, घशात बसणारा. पाळण्याच्या आत बुटांचा एक उघडा खोका, आणि खोक्यात चिंध्या. एकावर एक, चौकोनी, रुमालासारख्या घड्या घातलेल्या. मधनं बारीक धूर.

मला नाही आठवत मी ओरडले की नाही. तुझे सासरे जागे झाले म्हणजे ओरडले असणार. खोका उचलला तर तळ हातात राहीना, तसाच फरशी पुसायच्या बादलीत टाकला. फस्स आवाज झाला आणि शेडभर धूर. माझं एक बोट पोळलं, काळजी करू नकोस, ते लिहायचं बोट नाही. पाळण्याच्या तळाच्या फळीवर मात्र काळा डाग पडलाय, बशीएवढा.

तुझ्या सासूबाई दारातच खाली बसल्या. फुलाचा ॲप्रन तोंडाला लावून म्हणाल्या, मी हरवू नयेत म्हणून ठेवल्या हो, पाळण्यात ठेवल्या म्हणजे सापडतील. मी तोंड उघडणार होते. चांगलं जुळवून ठेवलं होतं, बटाटे चिरतानाच. तेवढ्यात तुझे बाबा म्हणाले, चूक माझी, विहीणबाई. सांगायला हवं होतं. पण मला कधी कोणाला सांगावंच लागलं नाही. इतकी वर्षं चिंध्यांचं खातं हिचं. हिच्यामुळे ही शेड उभी आहे, मी विसरूनच गेलो होतो की हे काम असतं म्हणून. चिमे, पन्नाशी-साठी उलटून गेली माणसाची, आणि हे वाक्य आलं ते धुरात, विहिणीसमोर. मी म्हटलं, बादली उचला आधी.

डाग घासून काढू म्हणत होते. मी काढू दिला नाही. फळी पातळ होईल, आणि वरच्या फळीवर आईचे दात आहेत तर खालच्या फळीवर आज्यांचा डाग असू दे. गादीखाली कोणाला दिसतोय.

आता हे पत्र कशाला, ते. परवा बाबांनी फोनवर सगळं सांगितलं तुला, आणि तू लगेच म्हणालीस, मग सासूबाईंना नको, मला धडधडतंय, आई तूच ये, जिन्याचं बघू काहीतरी. तेव्हा मी हूं म्हटलं. बाबा शेजारी कान लावून होते. खरं सांगू, रात्रीपर्यंत मी घरात नाचायचीच बाकी होते. हेच तर हवं होतं मला. पण काल संध्याकाळी तुझ्या सासूबाई एकट्या आल्या. चहा नको म्हणाल्या. कुंपणापाशी गेल्या आणि मी पसरलेली एकेक चिंधी हाताने चाचपून बघत राहिल्या, गार आहे ना, गार आहे ना. मग मला म्हणाल्या, सुनबाईंना सांगा, मी नाही आले तरी चालेल. मान वर नाही केली. अशी बाई आता बाळापासून उदबत्तीसुद्धा दोन खोल्या लांब ठेवेल. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, आणि तुला घरात तसंच माणूस हवंय. माझं तर नुसतं बोट पोळलं, मी अजून निष्काळजी आहे. तेव्हा त्यांनाच बोलाव, आणि फोन तू स्वतः कर, माझं नाव काढू नकोस. मला सणकून हेवा वाटणार आहे, तो वाटू दे. फोटो मात्र आधी बाबांच्या नव्या फोनवर पाठवायचे, ते मी आजच त्यांना घ्यायला लावतेय. आणि नाक माझंच आहे.

तेलाचा शेवटचा हात राहिलाय. तुझ्या सासूबाई चिंध्या पसरायला शिकायचं म्हणताहेत, मी त्यांना पॉलिश पेपर कसा धरायचा ते विचारणार आहे. दोघं येतो म्हणालेत, रविवारी.

तुझीच,
तारेवरची आई