परिपाठात सांगितलेली गोष्ट

ता. ८ जुलै

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझी बडबडी आता दुसऱ्यांचं ऐकून घेण्याचा पगार घेते, हे कळल्यावर तू पोट धरून हसली असशील. हस. शाळेनं मला समुपदेशक म्हणून दिलेली खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ. खडूंची खोकी बाहेर काढली तेव्हा कुठे दोन खुर्च्या आत मावल्या. उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून सगळे मुकाट बसून बोलतात. मुलांच्या घरी एका खोलीत पाच-सहा माणसं. मनातलं बोलायला कोपरासुद्धा नाही.

नववीतली एक मुलगी येते. मोठ्यानं वाचायची पाळी आली की तिची छाती धडधडते, हात कापतात, आणि ती वर्गातून पळ काढते. सगळे म्हणायचे, नाटकं करते. आम्ही दोघींनी श्वास सावकाश सोडायचा सराव केला. आधी एक ओळ वाचायची, मग दोन. काल तिनं वर्गात अख्खा परिच्छेद वाचला! मला इतका आनंद झाला की आज परिपाठाला सगळ्या शाळेसमोर सांगून टाकलं. नाव नाही घेतलं हं. मुख्याध्यापिकाबाईंनीही टाळ्या वाजवल्या. आता बघ, माझ्या दारात रांग लागेल.

लोभ आहेच, त्यात थोड्या कौतुकाची भर घाल.

तुझी भाची

ता. १५ जुलै

चि. बडबडीस अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग कपाळावर हात मारला. अगं शहाणे, नाव घेतलं नाहीस, पण आदल्या दिवशी कुणी वाचलं हे त्या वर्गाला ठाऊक नव्हतं का? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझा जन्म गेला. गावभरची भांडणं आणि लग्नं आधी माझ्या कानावरून जायची. पण आनंदाची बातमीसुद्धा ज्याची त्यानंच सांगायची, हा आमचा नेम. शेजारणीला नातू झाल्याचं मला तिच्याआधी कळलं होतं. जिन्यात भेटली तरी मी आपली मख्ख!

पोर दुखावली असेल तर जाऊन माफी माग. मात्र माझ्याकडे परत ये असं म्हणू नकोस, नाहीतर ती माफी राहत नाही, आमिष होतं. आणि जेवत जा वेळेवर.

रागावले तरी तुझीच,
आत्या

ता. ९ ऑगस्ट

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. मुलं तिला पाहून मुद्दाम फुसफुस श्वास सोडायला लागली, आणि तिनं शाळेत यायचंच बंद केलं. रांग कसली, माझ्याकडे चिटपाखरू फिरकेना.

तिच्या घरी गेले. आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. लेकीनंही आता हेच काम धरावं असं तिनं ठरवून टाकलेलं. मी मुलीला सांगितलं की ती गोष्ट तिची होती, ती सांगायचा मला हक्क नव्हता, माझं चुकलं. परत ये हे शब्द अगदी ओठांवर आले होते, तुझी आठवण झाली म्हणून गिळले. आईनं इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाली, शाळेतल्या बाईंनी माफी मागितलेली पहिल्यांदाच बघतेय. मुलगी खाली मान घालून घड्या घालत होती. आत्या, घरी येताना मला फार वाईट वाटत होतं.

पुढच्या सोमवारी ती वर्गात हजर! आईचं मन तिनंच वळवलं म्हणे. मुलांनी पुन्हा फुसफुस चालू केली, तर तिनं मागं वळून सुनावलं की श्वास असा नसतो सोडायचा, नीट शिकायचं असेल तर मी शिकवते. फुसफुस तिथंच थांबली. मला मात्र तिनं ओळखसुद्धा दाखवली नाही. म्हटलं, शाळेत आली ना, पुरे.

काल मधल्या सुट्टीत दार वाजलं. बघते तर तीच, आणि तिच्या मागं सातवीतली एक पोर, डोळे रडून सुजलेले. तिनं त्या पोरीला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं की या बाई एकदा चुकल्यात, पण स्वतः घरी येऊन तसं म्हणाल्या, तेव्हा काय असेल ते यांना सांग. मग कुणी ऐकू नये म्हणून बाहेर जाऊन दाराला पाठ टेकून बसली.

ती पोर काय बोलली ते मात्र विचारू नकोस. तुलाही सांगायची नाही.

राग नसावा, लोभ होता तसाच असावा.

तुझीच