आतली कडी

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत घराचा नकाशा पाठवतो आहे. रविवारभर पट्टी-पेन्सिल घेऊन बसलो. पुलांचे नकाशे काढून हात झिजले, पण आपल्या एवढ्याशा घरानं घाम फोडला. वर माझ्या खोलीला लागून नवीन बाथरूम काढलं आहे. धुण्यासाठी स्वयंपाकघरामागची अडगळीची खोली घेतली. खिडकीखाली वॉशिंग मशीन, शेजारी मोठं सिंक, वर कपड्यांना दांड्या. अडगळ बेधडक फेकून दे, जीव गुंतवू नकोस. ही म्हणते, ताईंचं कपडे बडवणं एकदाचं सुटेल.

गवंडी सोमवारी येईल. सुट्टीत आम्ही येऊ तेव्हा सगळं तयार असावं. लोभ आहेच, तुझ्या धाकाइतकाच तोही टिकावा.

तुझा,
छोट्या


२० फेब्रुवारी

चि. छोट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि कान पुढे कर.

नकाशा पोचला. रेघा सुबक आहेत, पण त्यात मला माझी खाट सापडेना. तू मशीन मांडलंस तिथे मी झोपते. सिंकच्या जागी माझं शिवणयंत्र आहे. दांड्या आधीपासूनच आहेत, त्यांवर गिऱ्हाइकांचे झगे लटकतात. बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा त्यांची हाक ऐकू यावी म्हणून मी खाली आले. बाबा गेले, मी तिथेच राहिले. तू दर सुट्टीत येतोस, जेवतोस, वर जातोस. मागच्या खोलीत कधी डोकावला नाहीस. मला याचं वाईट वाटतं, आणि ते मी लपवणार नाही.

खालच्या बाथरूमला आतून कडी नाही, हे तरी आठवतं का? बाबा आत पडले तेव्हा दार फोडावं लागलं. त्यानंतर कडी लावलीच नाही. मी दार किलकिलं ठेवून, कान बाहेर ठेवून अंघोळ उरकत आले. ती सवय अजून सुटत नाही. मला कडी हवी आहे. तुझ्या नकाशात ती कुठेच नाही.

गवंड्याला चहा पाजून परत पाठवलं. मी खोली सोडणार नाही. रागावायचं तर रागाव, पण पत्र टाकत जा.

तुझी,
ताई


१ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचून खाली मान घातली. खरंच माहीत नव्हतं, ताई. कडी लगेच बसवून घे.

पण पाण्याची लाइन मागच्याच भिंतीत आहे, त्यामुळे धुण्याची खोली हलवता येणार नाही. मार्ग काढला आहे. बैठकीच्या कोपऱ्यात तुझी खाट टाकू आणि पुढे छानसा पडदा लावू. तुला पडदा शिवायला कितीसा वेळ लागतो? हट्ट करू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

छोट्या


२३ मार्च

चि. छोट्यास,
आशीर्वाद. या खेपेला तुझा कान पिळत नाही.

पडदे मी लोकांना शिवून देते. त्यांच्यामागे राहायला जाणार नाही.

तुझा नकाशा पुन्हा पाहिला. तुझ्या बाथरूमसाठी पाणी वर चढतंच आहे की. मग धुण्याची जागाही वरच होईल. तुझी खोली वर्षभर कुलपात असते, दार उघडलं की गच्ची, आणि ऊन भरपूर. मी गवंड्याला बोलावून काम सुरूही केलं. पलंग भिंतीकडे सरकवला आहे, मशीन त्याच्या पायथ्याशी येईल. तुम्ही दोघं आरामात मावता, मी टेपनं मोजलं आहे. तुझ्या बायकोला सांग, उशाशी कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे, तिला हात लावायचा नाही.

विचारायला हवं होतं असं म्हणशील. तूही विचारलं नव्हतंस.

सुट्टीत नक्की या. खोली कमी केली आहे, लोभ कमी करू नये.

तुझी,
ताई

ता. क. काल कडी बसली. लगेच आत गेले, लावली आणि पाणी गार होईपर्यंत बसून राहिले. बाहेरून गवंडी हाका मारत होता. मी ओ दिली नाही.